पाळण्यासाठी हुक

एस्टीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. चाकाच्या नटावर हातोडी मारली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, घट्ट आहे का ढिला. ढिला निघाला तर गाडी सोडत नव्हतो. ड्रायव्हर शिव्या घालायचे, प्रवासी फलाटावर बोंबलायचे, मी ढिम्म. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

रिटायर झाल्यावर चोवीस लाख हातात आले. भाड्याला द्यायला म्हणून कोल्हापुरात फुलेवाडीकडं एका जुन्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. रजिस्ट्रीसकट बावीस लाखांना पडत होता. व्यवहार करायच्या आधी ओळखीच्या जोतीराम गवंड्याला घेऊन गेलो. त्यानं स्टुलावर चढून बेडरूमच्या स्लॅबला हातोडी मारली. आवाज भद्द आला. तो बोलायच्या आधीच मला कळलं होतं.

"धम्मपालभाऊ, गिलावा सुटलाय. सळई गंजलीया आतनं. समदं खरडून गच्चीपस्तोर काम करायचं तर दोन लाख धरा. आन् पावसाच्या आत करा."

शिल्लक नेमके दोन लाखच राहत होते. फ्लॅट घेतला, ते दोन लाख वेगळे ठेवले आणि शालूला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं, "ह्याला हात लावायचा न्हाय."

हात मीच लावला. आमच्या घराण्यात शहरात स्वतःच्या नावावर जागा घेणारा मी पहिला. बाप दुसऱ्यांच्या बंगल्यांचे पाये खणत मेला. कुरुंदवाडचे भाऊबंद विचारायला लागले, "जेवाण कवा?" शालू म्हणाली, "भाड्यानं द्यायच्या घराला जेवाण कशाला वो?" शहाणी बाई. पण मी इरेला पेटलो. भन्तेजी आले, बुद्धवंदना झाली आणि गच्चीवर मांडव घालून साडेतीनशे माणसं मटणाला बसली. तांबडा-पांढरा रस्सा कुणाला कमी पडू दिला नाही. लोक पाठ थोपटत होते, मी फुगत होतो. खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

उरले साठ हजार. तेवढ्यात स्लॅबचं काम होईना. मग बेडरूमला स्लॅबच्या खाली पीओपीचं खोटं छत मारलं, घराला रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हटलं.

दिवाळीनंतर दीप्ती भाडेकरू म्हणून राहायला आली. पोरगी लॅबमध्ये नोकरीला, नवरा पुण्यात. छताकडं बघून खूश झाली. "गळत तर नाही ना, काका?"

"छ्या! मी एस्टीतला मेकॅनिक हाय. तपासल्याबिगर वस्तू देत न्हाय."

उन्हाळ्यात ती बाळंतपणाला जयसिंगपूरला माहेरी गेली. घर तीन महिने बंद होतं, कामाला याहून चांगली संधी नव्हती. पण जेवण घालून वर कर्ज काढलं, असं भाऊबंद म्हणतील याची मला लाज वाटली. पावसाळा लागला.

जुलैत तिचा फोन आला. "काका, परवाच आलो आम्ही. आईनं सागवानी पाळणा दिलाय. बेडरूमच्या छताला हुक मारून द्याल का? तुम्हीच या. दुसऱ्याच्या कामाचा मला भरवसा नाही."

मी फोन ठेवला. शालूनं तोंड बघूनच ओळखलं. "जावा आन् खरं काय ते सांगा. न्हाईतर मी येऊन सांगती."

गेलो. बाहेर धो धो पाऊस. पाळणा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि बाळ पलंगावर गाढ झोपलं होतं. पीओपीला हुक पेलत नाही, स्टँड घ्या, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. वाक्य ओठावर आलं होतं. तेवढ्यात वर लक्ष गेलं. पलंगाच्या बरोबर वर छताला पोक आला होता.

"बाळाला उचला."

"का? आत्ताच झोपलंय."

"आधी उचला, ताई!" मी ओरडलोच.

तिनं घाबरून बाळाला उचललं आणि ती दाराशी गेली. स्टुलावर चढून मी पीओपीच्या कडेला करवतीची पाती घातली. वीतभर कापलं नसेल, तोच सगळं धाडकन पलंगावर आलं. परातीएवढा गिलाव्याचा तुकडा, त्याला चिकटलेले गंजाचे पापुद्रे, पाणी. कधीचा सुटून त्या पातळ छतावर पडून होता कोण जाणे. बाळाची टोपडी आणि दुपटं त्याखाली गेलं.

दीप्ती ओरडली नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"घ्यायच्या आधीपासनं."

तिनं बाळाला ओढणीत गुंडाळलं, पर्स घेतली, पायात चपला सरकवल्या. मला काय करावं सुचेना. निदान सामान तरी खाली नेऊन द्यावं म्हणून मी पाळणा उचलायला वाकलो.

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.