ओतून द्यायचे पाणी

चष्मेवाल्याने घास न घेताच चमचा वाटीच्या काठावर ठेवला. पाण्याच्या तांब्याखाली दाबलेला तपासणीचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता; त्या खोलीत तेवढ्या एका वस्तूला काय ते तोंड फुटले होते. रक्तातले पोटॅशियम पुन्हा वाढले होते.

“खरं सांगा,” शेवटी बायको म्हणाली, “दुकानात काय खाता?”

“तू दिलेला डबा.”

“माझ्या डब्याने नाही वाढणार. भाज्या चिरून, ढीगभर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मग शिजवते मी. पहाटे उठून.”

“म्हणजे मी चोरून खातो.”

“चोरून असं कुठे म्हटलं मी?”

“म्हणायचं राहिलंय काय? काल माझा कोट हुंगत होतीस. त्यापेक्षा एक कुत्रं पाळ. त्याला निदान खरा वास तरी येईल.”

त्याची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत असे. तिने समजुतीने मान डोलावली.

“खाल्लं असशील एखादं केळं. कबूल कर नि मोकळा हो. लहानपणीही साखर खाऊन तोंड पुसून यायचास.”

साठी उलटलेल्या माणसाला लहानपणच्या साखरेचा जाब! त्याचे कान तापले. किडन्यांनी अंग काढून घेतल्यापासून ताटातले रंग एकेक करून विझत गेले होते आणि त्याने कुरकुर केली नव्हती. चिमूटभर मिरपुडीत, लिंबाच्या चार थेंबांत चव शोधायला तो एखादी नवी भाषा शिकावी तसा शिकला होता. संध्याकाळी आक्का करी त्या सुपाची मात्र तो वाट पाही. त्याला, कशी कोण जाणे, अजून भाजीची खरीखुरी चव होती. पथ्य पाळण्याचा त्याला गर्व होता, आणि नेमका तोच गर्व आज त्याच्याच टेबलावर खोटा ठरवला जात होता.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. अंधारात डोळे तपासता येईनात, म्हणून चष्म्यांचे दुकान बंद करून तो दुपारीच घरी आला. कोट खुंटीला अडकवून स्वयंपाकघरात डोकावला, तर आक्का ओट्याखालून झाकलेले पातेले काढत होती. त्यातले थोडे हिरवट, गढूळ पाणी तिने सुपात ओतले.

“हे कसलं पाणी?”

“भाज्यांचं,” आक्का जराही ओशाळली नाही. “सकाळी ती उकळते, नि ओतायचं काम माझ्याकडे. मी ठेवून देते. अरे, सगळं सत्त्व यात उतरतं! चोथा तू खायचास आणि सत्त्व मोरीने प्यायचं? माझ्या मनाला नाही पटत.”

“आक्का, जे पोटॅशियम काढून टाकायचं, तेच यात उतरतं.”

“मला काय ठाऊक? रिपोर्ट बिघडला की मी ते आणखी आटवायचे. तुला ताकद यावी म्हणून.”

“आणि काल मला म्हणालीस, कबूल कर!”

“मला वाटलं, तू खरंच बाहेर खातोस,” आक्का म्हणाली. ते इतके निर्मळ होते की त्याला ओरडताही येईना.

संध्याकाळी बायको बाहेरून आली. दारात चप्पल काढता काढता तिचा हात सवयीने खुंटीवरच्या कोटात शिरला आणि खिसा उलटा करून बाहेर आला. मग तिने टेबलावरचे पातेले पाहिले. त्याने दोन वाक्यांत सगळे सांगितले.

“आक्का!” तिचा आवाज चिरकला. “अहो, जीव घेतला असतात त्यांचा!”

आक्का खुर्चीत आक्रसून बसली. त्याने हात वर केला.

“तिला राहू दे. तिला माहीत नव्हतं. तुला मी सांगितलं होतं.”

“पण आकडेच तसे येत होते. मी तरी काय समजायचं?”

“दिवसभर अनोळखी माणसं माझ्यासमोर बसतात. ही काच स्पष्ट की ती, मी विचारतो. ही म्हणाले, की मी हीच धरतो. त्यांच्या डोळ्यांत शिरून बघता येत नाही मला. परक्यांचा शब्द मला पुरतो. माझा तुला का नाही पुरला?”

बायकोने पातेले उचलले आणि मोरीत उपडे केले. पाणी घशातून उतरावे तसे आवाज करत गेले. तिने ते घासले, पालथे घातले, हात पुसले.

मग ती खुंटीपाशी गेली. कोटाच्या खिशाचे अस्तर बाहेर लोंबत होते. ते तिने बोटांनी हळूच आत सारले, वरून एकदा सपाट केले, आणि त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेली.