भिंतीवरची उलटी पोळ

चारुलताला मुलाखती द्यायचा चांगलाच सराव झाला होता. मुलांच्या पुस्तकांसाठी ती चित्रं काढायची. डोकं खाली करून चालणारी माणसं, पायाखाली आभाळ असलेली घरं. "हे सुचतं तरी कुठून?" असं कुणी विचारलं, की तिचं उत्तर तयार असे. बडोद्यात घडियाळी पोळमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत, आमचं घर. वर एक अंधारी खोली. तिच्या खिडकीच्या फळीतली गाठ निखळून भोक पडलेलं. दुपारी त्यातून उजेड आला, की समोरच्या भिंतीवर अख्खी पोळ उलटी उमटायची, हलती आणि रंगीत! ऐकणारे हरखून जायचे. त्या खोलीला बाहेरून कडी होती आणि ती बाबा लावायचे, एवढं मात्र ती गाळायची.

सांगायचं तरी कशाला? बाबा, म्हणजे दत्तात्रेय मास्तर, शाळेत गणित शिकवायचे, आणि त्यांची मुलगी गणिताच्याच वहीत चित्रं काढायची. कोंडून ठेवलं की सुधारेल, असं त्यांना वाटे. पण त्याच खोलीने तिला आयुष्यभर पुरेल एवढं दिलं होतं. मग राग धरायचा तो कुणावर? अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

काळजी होती ती सानवीची. मुलगी सात वर्षांची, शहराच्या नव्या भागात, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. कागद-रंग पुढे ठेवून "चित्र काढ" म्हटलं, की विचारायची, "कशाचं?" हा साधा प्रश्न चारुलताच्या जिव्हारी लागायचा. आपल्या मुलीला नवल वाटावं असं आपण काहीच देऊ शकलो नाही, हा विचार तिला खायला उठायचा. त्यात बाबांनी घर विकलं. नवे मालक पुढच्या आठवड्यात जुन्या खिडक्या काढून काचेच्या बसवणार होते. मग तिने सानवीला गाडीत घातलं आणि भर दुपारी पोळ गाठली.

बाबा वरच्या मजल्यावरच खुर्ची टाकून बसले होते. सानवीने "जय श्री कृष्ण, आजोबा" म्हटलं आणि ती आईच्या मागोमाग खोलीत गेली. चारुलताने दार लोटलं.

"मम्मी, किती अंधारू आहे! मला बीक लागते."

"भीती कसली? जरा थांब, डोळे सरावू देत. मग बघ गंमत."

थांबणार कोण? सानवीने धावत जाऊन दार उघडलं. भिंतीवर उमटू लागलेलं सगळं पुसलं गेलं. दार पुन्हा लावलं, तिने पुन्हा उघडलं. चारुलताचा धीर सुटला. आज नाही तर कधीच नाही.

"आत बस. मी बाहेरच आहे. दिसलं की हाक मार," असं म्हणून ती बाहेर आली आणि तिने कडी लावली. लहानपणी तिचा हात कधी त्या कडीपर्यंत पोचलाच नव्हता.

आतून धपाधप थापा सुरू झाल्या. "मम्मी, खोल ना! खोल!"

बाबा खुर्चीतून उठले. "चारू, उघड."

"थोडा वेळ, बाबा. आत काय आहे ते तुम्हाला नाही कळायचं."

"ती रडतेय, एवढं कळतंय मला."

"मी रडायचे तेव्हा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाबा दाराकडे बघत हळूच म्हणाले, "तू गप्प झालीस, की मला वाटायचं, सुधारली."

"सुधारत कसली होते? बघत बसायचे मी."

तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. चारुलताचा चेहरा उजळला.

"बघा! दिसलं तिला."

तिला इतका आनंद झाला, की तिचे डोळे भरून आले. लेकीची तंद्री मोडू नये म्हणून ती मुद्दामच आणखी थांबली. मग आवाज न करता कडी काढून तिने दार किलकिलं केलं.

समोरच्या भिंतीवर पोळ होती. तळाशी आभाळ, मधे वाळत घातलेल्या साड्या, छतालगत उलटी चाललेली स्कूटर. सगळं तसंच, तिच्या लहानपणासारखं. आणि सानवी भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, कानांवर हात. फ्रॉक ओला झाला होता.

"सानू," चारुलताने तिला जवळ ओढलं.

"मी परत नाही करणार, मम्मी," सानवी डोळे न उघडताच म्हणाली.

चारुलताने वळून दारातल्या बाबांकडे पाहिलं. हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी मान खाली घातली.

"काय नाही करणार, बेटा?" तिने कसंबसं विचारलं. "तू काय केलंस?"

सानवी विचारात पडली. तिला काही आठवेना.

"तू सांग ना," ती म्हणाली. "तू सांगशील ते परत नाही करणार."