उन्हाचे ऋण

माझी पणजी दोघांची गादी होती, आजी एकट्याची गादी होती आणि आई बैठकीतला लोड होती. मी एक जुनी उशी आहे. दर पिढीला कापूस उसवला गेला, पिंजला गेला आणि त्यातला चांगला निघाला तेवढाच पुढच्या खोळीत भरला गेला. म्हणून आमचे घराणे आकाराने उतरले असले तरी गुणाने चढतच आले आहे. हे आरंभीच ध्यानात ठेवा, मित्रांनो, आणि मला ऐरीगैरी समजू नका.

ज्या घरात माझी खोळ शिवली गेली, त्या घरातली धाकटी लेक माझी मालकीण. ती कधी स्वस्थ बसत नसे, म्हणून सारे तिला 'मुंगी' म्हणत. ती लहान असताना एकदा छत गळले, मी चिंब भिजले आणि माझ्या अंगाला कुबट वास येऊ लागला. तिची आई नाक मुरडून म्हणाली, "टाकून दे ती. नवी आणू." मुंगीने ऐकले नाही. तिने मला कडेवर घेऊन गच्चीत नेले, दुपारभर उन्हात उलटीपालटी केली आणि लाटण्याने यथेच्छ बदडले. दिवस कलला तेव्हा मी टम्म फुगले होते. त्या दुपारपासून मी तिची ऋणी झाले. आमच्या घराण्यात ऋण ठेवून कोणी उसवले गेलेले नाही.

पुढे मुंगी कॉलेजात गेली आणि वसतिगृहात मला सोबत घेऊन गेली. पहिल्या वर्षी माझा मान मोठा होता. येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी मला दाबून पाही आणि म्हणे, "काय मऊ आहे गं तुझी उशी."

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला शिसारी येते. पण सांगितलेच पाहिजे.

दुसऱ्या वर्षी तिचे खाटेवर झोपणेच बंद झाले. खाटेवर ओला टॉवेल, वायरींचा गुंता, बिस्किटांचा चुरा आणि साय धरलेला चहाचा कप नांदू लागला. मुंगीच्या अंथरुणात खऱ्या मुंग्या झाल्या. माझ्या पाठीवर तापलेला लॅपटॉप ठेवला जाई. माझा अभ्रा मुळात पांढरा होता, हे आता शपथेवर सांगावे लागेल. तेलकट केस, शाई, चहा. काही म्हणून लागायचे राहिले नव्हते.

त्याहून ओंगळ होती ती फुशारकी. "मी काल डोळासुद्धा मिटला नाही," एक म्हणे. "तू निदान जेवलीस तरी," दुसरी वरचढ होई. आमच्या काळी न झोपणे आणि न नाहणे लपवण्याच्या गोष्टी होत्या, मित्रांनो. या मुलींनी त्यांची पदके केली.

आणि हा खटाटोप कशासाठी, तर कॉलेजच्या आरोग्य सप्ताहात मुंगीच्या गटाला प्रदर्शन मांडायचे होते. विषय होता, 'ताण आणि स्वतःची काळजी'. वर्षाचे गुण त्यावर अवलंबून होते. 'पुरेशी झोप घ्या' हे वाक्य त्या लालबुंद डोळ्यांच्या मुलीने माझ्या पोटात कोपर रुतवून तक्त्यावर रंगवले.

आईचा फोन येई. "जेवलीस का गं?"

"हो, केव्हाच."

खाटेखाली ताट तसेच असे, आणि त्यावर माशा बसलेल्या असत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती भाषणाची तालीम करू लागली. ऐकायला तिची खोलीसोबतीण होती, जिला साऱ्या मजल्यावर 'फौजदार' म्हणत. मुंगी चार ओळी बोलली आणि थांबली.

"पुढे काय लिहिलंय?" तिने विचारले.

"तूच लिहिलंयस. वाच की."

"अक्षरं हलतायत." कागदही हलत होता. ती मटकन खाली बसली.

"काल काय खाल्लंस?"

"कॉफी."

"कॉफी खायला कधीपासून लागलीस?" फौजदारने तिला भिंतीशी टेकवले, दूध आणि केळे आणून दिले आणि मुंगीने ते संपवेपर्यंत समोर उभी राहिली. मग तिने मला उचलले, हुंगले आणि हात लांब केला. "शी. ही उशी आहे की पायपुसणं? यावर डोकं ठेवतेस तू?"

"ठेवतेच कुठे," मुंगी म्हणाली.

दोघी हसल्या. मग हसता हसता मुंगी रडू लागली.

फौजदारने अभ्रा ओरबाडून बादलीत टाकला आणि मला गच्चीच्या कठड्यावर आडवे केले. मुंगी मागोमाग भिंतीला धरून आली. "तसं नाही. दोन्ही बाजूंनी उलटावी लागते."

"मग बस सावलीत आणि उलट."

"आणि उद्याचं?"

"तक्ते मी चिकटवते. बोलायचं ते तूच बोल, पण झोपून उठून. आत्ता बोललीस तर लोक तुलाच प्रदर्शनात मांडतील."

ऊन उतरल्यावर, धुतलेला अभ्रा चढवून, मुंगीने माझ्यावर डोके ठेवले. ती काहीतरी म्हणणार होती, अर्ध्यातच झोपली. मी दुपारभर साठवलेले सारे ऊन तिच्या मानेखाली अंथरले आणि उजाडेपर्यंत हलले नाही.

सकाळी तिने नाहून आईला फोन लावला. "आई, मी धड जेवत नव्हते, झोपतही नव्हते. तुला खोटं सांगत होते. आत्ता जेवून निघतेय."

मग आईने विचारले, "ती जुनी उशी आहे का अजून?"

"आहे."

"राहू दे. टाकू नकोस."

गुण किती मिळाले, ते मला ठाऊक नाही. मुंगी परतली तेव्हा तिच्या हातातला कागद हलत नव्हता, तेवढे मी पाहिले.

मित्रांनो, खाटेवर अंथरूणच असू द्या. देहाला उकिरडा करून मिळवलेल्या विद्येची मला किळस येते. उशीला ऊन दाखवा, पोटाला अन्न द्या, आणि आईने विचारले तर खरे सांगा.

माझे म्हणाल, तर एका दुपारच्या उन्हाचे ऋण होते. ते एका रात्रीच्या झोपेने पुरते फिटले. आता मला खुशाल उसवा.