दांडा म्हणू नका

मी स्वे बार बोलतोय. स्वे बार, दांडा नव्हे. दांडा झाडूला असतो, छत्रीला असतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझं नावही ऐकलं नसेल आणि त्याचं मला नवल वाटत नाही. माणसं गाडीचा रंग बघतात, सीटचं कापड चाचपतात, हॉर्न वाजवून बघतात. खाली वाकून बघायचं म्हटलं की यांची कंबर दुखते.

आधी माझं काम सांगतो. गाडी वळण घेते तेव्हा तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. आतली माणसंही कलतात, एकमेकांच्या अंगावर पडतात, काहींना मळमळतं. मी मागच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा असतो. एक बाजू दबायला लागली की मी स्वतः पीळ खातो आणि गाडीला कलू देत नाही. हे कळायला फार डोकं लागत नाही, तरी ज्यांच्याशी माझी गाठ पडली त्यांना ते धड कळलं नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सरळ सळई होतो. भट्टीत लाल केलं, साच्यावर दोन्हीकडून वाकवलं, तेलात बुडवलं, वर काळा रंग चढवला. मग मशीनमध्ये अडकवून इतकं पिळलं की दुसरा असता तर रडला असता. माझ्या पाठचे दोघे त्या परीक्षेत तडकले आणि भंगारात गेले. मला वाईट वाटलं नाही. ज्याच्यात दम नाही त्यानं पोलाद म्हणून मिरवू नये.

तिथून मी एका स्पेअर पार्टच्या दुकानात फळीवर येऊन पडलो. ज्या जुन्या गाडीच्या मापाचा मी होतो, तिच्या कंपनीनं तिला मागे बार दिलाच नव्हता. म्हणजे मी नंतरचा, बाहेरचा. दुकानातले जुने भाग माझ्याकडे बघून कुजबुजत, कानामागून आला आणि तिखट झाला. मी लक्ष दिलं नाही. गंजलेल्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

एक दिवस तो जावई आला. मी त्याला जावईच म्हणतो, कारण त्याची दुसरी काही ओळख मला मान्य नाही. विमा कचेरीत फायली हलवणारा माणूस, मऊ हात, स्वच्छ नखं. जेवताना मोबाइलवर गाड्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघून याला वाटू लागलं होतं, की आपण मेकॅनिक आहोत.

"सासूबाईंसाठी हवाय," तो दुकानदाराला म्हणाला.

"सासूबाईंसाठी?" दुकानदारानं चष्मा वर केला. "लोक हा शर्यतीसाठी नेतात हो."

ऐकलंत? शर्यतीसाठी जन्माला आलो आणि सासूबाईंच्या वाट्याला गेलो.

प्रकरण असं होतं. सासूबाई म्हणजे एक म्हातारी, घाटाच्या वरच्या गावात एकटी राहायची. नवरा गेलेला. दोन खोल्या, मागे शेड, शेडमध्ये नवऱ्याची जुनी गाडी. मध्यंतरी ती न्हाणीघरात घसरून पडली, मनगट मोडलं आणि शेजारीण येईपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. तेव्हापासून घाटाखालच्या शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीची झोप उडाली होती. आईनं आमच्याकडे येऊन राहावं, असा हट्टच तिनं धरला.

म्हातारी नाही म्हणायची नाही. फक्त येण्याचं काही जमायचं नाही. बसच्या पायऱ्या उंच. भाड्याच्या गाडीत वासानं मळमळतं. ह्यांच्या गाडीत वास नाही, पण मेली घाटात इतकी डुलते की पोटातलं वर येतं. न कर्त्याचा वार शनिवार, हे कुणाही शहाण्याच्या लक्षात आलं असतं. जावयाच्या आलं नाही. त्यानं विचार केला, गाडी डुलते ना, मग डुलणं थांबवू. आणि मला भाड्याच्या गाडीच्या डिकीत टाकून, दोन दिवसांची रजा काढून, बायकोला घेऊन घाट चढला.

ती गाडी पाहिली आणि मला हसूच आलं. मागच्या स्प्रिंगचे पाटे वाकून म्हाताऱ्याच्या पाठीसारखे झालेले, रबरं चिरलेली. जावई मात्र बाह्या सरसावून खाली घुसला. पहिल्यांदा त्यानं मला उलटा बसवला. मग बाहेर येऊन, चहा घेत घेत, वाकून स्वतःचं काम कौतुकानं पाहिलं. मग मोबाइलमध्ये पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

घरातून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र चर्र आवाज येत होता. मुलगी आईचं कपाट रिकामं करत होती. अधूनमधून विचारायची, "आई, ही शाल घेऊ?" म्हातारी म्हणायची, "घे." "आणि हे रेडिओचं खोकं?" "ते राहू दे."

दुपारपर्यंत मी एकदाचा सुलटा बसलो. आता शेवटचं आवळणं राहिलं होतं. दुकानदारानं बजावलं होतं, की गाडी चाकांवर उभी असताना आणि मागे माणसांचं वजन असतानाच बोल्ट पक्के करायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं. जावयानं जाड फळ्या रचून त्यांवर मागची चाकं चढवली आणि वजन शोधायला लागला. मुलगी कामात होती. म्हणून त्यानं मागच्या सीटवर म्हातारीला बसवलं आणि शेजारणीला बोलावलं. ही बाई कपडे शिवायची, तिला सगळे टेलरबाई म्हणत.

"हलायचं नाही हं," त्यानं सांगितलं आणि मोठा पाना आणायला गेला. सासूला वजन म्हणून वापरणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

दोघी बसल्या.

"झालं म्हणजे तुमचं जायचं ठरलं," टेलरबाई म्हणाली.

"मला नाही गं जायचं."

"मग सांगा ना तसं."

"कुणाला सांगू? पोरगी रडेल. माझ्या पडण्याचा धसका घेतलाय तिनं. आणि हा बघ, सकाळपासून गाडीखाली लोळतोय माझ्यासाठी. चांगला आहे गं पोरगा. त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू? म्हणून गाडीवर ढकललं. गाडी काय, बोलत नाही."

गाडी बोलत नाही म्हणे. मी सगळं ऐकत होतो. आणि मीच नव्हे. जावई पाना घेऊन केव्हाच परतला होता, अनवाणी, आवाज न करता, आणि माझ्याखाली पाठीवर आडवा झाला होता. त्यानं पाना बोल्टला लावला होता. तो तिथेच थांबला.

"तिथे काय कमी आहे तुम्हाला? आयतं मिळेल सगळं," टेलरबाई म्हणाली.

"तेच तर. बसा म्हणतील. कशाला हात लावू देणार नाहीत. इथे सकाळी तुझ्याकडे येते, काजं करते, बटणं लावते. आयुष्यभर ह्यांच्या सदऱ्यांची काजं केली, कुणी बघितलीही नाहीत. आता तुझी गिऱ्हाइकं विचारतात, काजं कुणी केली म्हणून. या वयात कुणी विचारतं का एखाद्याला? मी तिथे गेले की मरेन गं. लगेच नाही, पण बसून बसून मरेन."

नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचा ते मला खालून कळलं नाही.

आता एखादा कणखर माणूस असता तर बाहेर आला असता आणि म्हणाला असता, आई, मी ऐकलं. हा कसला? यानं हलक्या हातानं दोन्ही बोल्ट आवळले, सरपटत मागच्या बाजूनं निघाला, शेडच्या दारापर्यंत चवड्यांवर गेला आणि तिथून खोकत खोकत पुन्हा आत आला. "सापडला एकदाचा पाना," म्हणाला. इतकं भिकार नाटक मी कधी पाहिलं नाही. पण दोघींना ते खरं वाटलं.

संध्याकाळी उजेडातच चाचणी ठरली. चार वळणं जाऊन यायचं, बरं वाटलं तर सकाळी सामान भरायचं. पुढे जावई आणि मुलगी, मागे म्हातारी, मांडीवर उलटीसाठी पिशवी.

त्या चार वळणांबद्दल मी नम्रपणे बोलणार नाही. पहिल्याच वळणाला मी पीळ घेतला आणि ती खटारा गाडी रुळावर असल्यासारखी गेली. दुसऱ्याला पाटे कुरकुरले, मी त्यांना गप्प केलं. म्हातारी खिडकीतून दरी बघत होती. तिसऱ्या वळणाला म्हणाली, "अगंबाई, इथून आपलं घर दिसतं." मळमळायचं ती साफ विसरली होती. माझ्या कामाला याहून मोठी पावती कोणती?

मुलगी मागे वळली. तिचा चेहरा फुलला होता. "बघ आई, काही झालं का? काही नाही झालं."

तेव्हा म्हातारीच्या लक्षात आलं. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग पिशवीची घडी घालायला लागली. "नाही गं," ती म्हणाली. "काही नाही झालं." आवाज अगदी लहान झाला होता.

जावयानं गाडी बाजूला घेतली. उतरला, मागे येऊन वाकला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि उभा राहून म्हणाला, "आवाज येतोय. हा बार बसत नाहीये या गाडीला. घाटात धोका आहे. ही गाडी काही खाली न्यायची नाही."

कसला आवाज? कुठला धोका? मी चिडीचूप होतो. माझा एकही बोल्ट तसूभर सैल नव्हता. माझ्या तोंडावर, भर रस्त्यात, त्या माणसानं माझी बदनामी केली आणि मला ओरडायला तोंड नाही.

"मग दुसरी गाडी करू," मुलगी म्हणाली.

"दुसऱ्या गाडीत त्यांना मळमळतं."

"अरे, पण ती पुन्हा पडली म्हणजे?" आता ती रडायला आली होती. "तू नव्हतास फोनवर. टेलरबाई काय सांगत होत्या, मी ऐकलंय."

"मग पडण्याचं बघू ना," जावई म्हणाला. "तुला त्यांना न्यायचंय, की त्या पडायला नकोत?"

मुलीनं आरशातून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती, हातातली घडी घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयानं मला सोडवलं. मला वाटलं, आता दुकानात परत. निदान तिथे माझी किंमत कळते. पण हा मला घेऊन घरात शिरला, न्हाणीघरात गेला, भिंतीला भोकं पाडली आणि माझ्याच रबरांनी, माझ्याच पट्ट्यांनी मला नळाशेजारी आडवा ठोकला. मुलीनं दोन्ही हातांनी मला धरलं, पाय उचलले आणि सगळा भार टाकून लोंबकळली. मी हललो नाही. तिनं पुन्हा एकदा तसंच केलं. मग आत गेली आणि एकेका खोक्याची चिकटपट्टी सोडायला लागली.

आता मी इथे आहे. शर्यतीचा बार, साबणाच्या फेसात. म्हातारी मला दांडा म्हणते. माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालते, कधी परकरही. गाढवाला गुळाची चव काय. तुमच्या कुणाच्या घरात माझ्या जातीचा कुणी असेल तर त्याला निदान कोरडा पुसत जा. आम्ही गंजतो. एवढंच मागणं आहे, तेही तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही.

रोज सकाळी ती येते. मोडलेलं मनगट अजून दुखतं, म्हणून दुसऱ्या हातानं मला धरते. अंघोळ झाली की उठताना तिचा तोल जरा डावीकडे जातो. बाहेरून टेलरबाई हाक मारते, "अहो, आटपा, गिऱ्हाईक आलंय." ती "आले, आले," म्हणते आणि सगळा भार माझ्यावर टाकते. मी तिला कलू देत नाही.