काजळगाव रोडची मैनाबाई

"मास्तर, गाडी काहून बंद आहे तुमची?" शेजारच्या शेषरावांनी प्लायवूडच्या टेबलावर वाकून विचारलं. "तीन दिवस झाले, इंजिन जागचं हाललं नाही. संपगिंप आहे काय?"

"ट्रान्सफॉर्मर गरम होऊन राहिला," नागसेन वानखडे म्हणाले.

शेषरावांनी ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहिला. तो माठासारखा थंड होता. पण ते काही बोलले नाहीत. दर्यापूरकडचा माणूस बोलला नाही म्हणजे त्याला समजलेलं असतं.

"वहिनीचा रिपोर्ट कधी?" त्यांनी दाराशी जाऊन विचारलं.

"शुक्रवारी. अकोल्याले बोलावलं."

"होते बराबर," शेषराव म्हणाले आणि चप्पल घालता घालता दोनदा चुकीच्या पायात घालून गेले.

बडनेऱ्याच्या त्या घरात अर्धा हॉल अडवून काजळगाव रोड नावाचं स्टेशन उभं होतं. नागसेन मास्तरांनी छत्तीस वर्षं खऱ्या रेल्वेत काढली, तीही अशा स्टेशनांवर जिथे मेल गाड्या शिट्टी वाजवायचेही कष्ट घेत नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की त्यातलं एकही स्टेशन आपल्या मनासारखं नव्हतं. मग त्यांनी ते घरीच बांधलं. बोटाएवढे डबे, गोल रूळ, काड्यापेटीएवढं तिकीटघर.

आणि स्टेशन म्हटलं की त्याला इतिहास हवा. तो त्यांनी एका लांबलचक रजिस्टरात शाईच्या पेनानं लिहिला. १९११ साली एका गोऱ्या इंजिनिअरची टोपी वाऱ्यानं उडाली. ती शोधायला गाडी जिथे थांबवली, तिथे पुढे स्टेशन झालं. टोपी सापडली नाही. गाव पाच किलोमीटर लांबच राहिलं आणि मध्ये रस्ता नव्हता, म्हणून स्टेशनाच्या नावात तरी रोड असावा असं ठरलं. फलाटावर अकरा माणसं होती आणि प्रत्येकाला चरित्र होतं. चहावाल्याच्या दोन बायका होत्या आणि त्या दोघींचं पटत होतं, ही त्याची अडचण होती.

बाकावर मैनाबाई होती. उंची दोन सेंटिमीटर. तिचं लुगडं हिरवं, कारण भाचीच्या लग्नात आणलेली बायकोची, म्हणजे संध्याबाईंची, हिरवी नेलपॉलिश एकदाच लावून पडून राहिली होती. मैनाबाईबद्दल रजिस्टरात लिहिलं होतं: 'ही बाई १९८४ पासून रोज अकोल्याच्या गाडीसाठी येते. गाडी रोज येते, बाई रोज बसत नाही. ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी काजळगावात परत यायची नाही.'

दिवाळीत हे वाक्य सुचलं तेव्हा मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"कायले मारता बिचारीले?" संध्याबाई म्हणाल्या होत्या.

"मारत नाही. साहित्य हाय ते."

उन्हाळ्यात संध्याबाईंच्या मानेत गाठ आली. बोराएवढी. अमरावतीच्या डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि चष्मा काढून पुसला. मास्तरांना ते पुसणं आवडलं नाही. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं आणि शुक्रवारी या म्हणाले. घरी येऊन मास्तर सवयीनं टेबलाशी गेले, आणि हिरव्या लुगड्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

तेव्हापासून गाडी बंद होती. हिशेब सरळ होता: गाडीच आली नाही तर मैनाबाई बसणार कशात?

आता हा माणूस कोण? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. तीस वर्षं गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला. तिवशाला सासुरवाडीच्या लग्नात, मांडवाच्या दाराला बांधलेलं लिंबू सोडून त्याचं सरबत करून प्यायलेला, वर 'साखर कमी पडली' म्हणालेला. शिवाय रूळ गोल होते. काजळगावहून सुटलेली गाडी सव्वा मिनिटात काजळगावलाच यायची, तिला दुसरीकडे जायची सोयच नव्हती. हे सगळं मास्तर स्वतःला दिवसातून वीस वेळा सांगत. मग रेग्युलेटरच्या बटणाकडे हात नेत, आणि हात उकळत्या पाण्यातून काढावा तसा मागे घेत.

ते वाक्य खोडावं, तर तेही जमत नव्हतं. स्टेशनच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, हे त्यांनी किती नवशिक्यांना शिकवलं होतं. आणि न आलेली गाडी आली म्हणून लिहिणं, हे तर त्याहून मोठं पाप. तशा एका नोंदीसाठी त्यांनी हाताखालच्या माणसावर चार्जशीट काढली होती, आणि तो माणूस पुढे पाच वर्षं रस्त्यात भेटला की पानटपरीकडे तोंड करून उभा राहत असे.

शुक्रवारी सकाळी संध्याबाई तयार होऊन हॉलमध्ये आल्या. मानेभोवती पदर नीट घेतलेला, काखेत पर्स.

"पाच दिवस झाले," त्या म्हणाल्या. "मी रोज दहा वाजता सराटा हाती घेऊन उभी राहतो. तुमची घंटी काही वाजत नाही."

काजळगावच्या पुढचं स्टेशन म्हणजे स्वयंपाकघर. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम मास्तर घरातही पाळत. इकडून त्यांनी घंटी दाबायची, तिकडून संध्याबाईंनी पोळी उलटायचा सराटा ताटावर दोनदा वाजवायचा, मग गाडी सुटायची. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. कधी कधी पोळी करपली होती.

"ट्रान्सफॉर्मर..."

"राहू द्या त्या ट्रान्सफॉर्मरले. वाचता येते मले." त्यांनी रजिस्टरकडे हनुवटी केली. "माया माहेरी भर मांडवात लिंबाचं सरबत पेले तुमी. मामा मरेपर्यंत नाव काढत होता. अन् या बोटभर बाईले भेता?"

मास्तरांनी रजिस्टराची कड टेबलाला समांतर केली.

"खोडून टाका मंग ते."

"खोडलं म्हणजे मानल्यासारखंच झालं."

"मंग मानता का नाई?"

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मास्तरांनी चहावाल्याला उगाच अर्धा सेंटिमीटर सरकवलं.

"भेव लागते मले, संध्या."

"मलेबी लागते," त्या म्हणाल्या. "सुई घातली तवापासून लागते. तुमी घंटीच बंद करून बसले, तं मी सांगू कोणाले?"

संध्याबाईंनी वाकून मैनाबाईला चिमटीत धरलं. फेविक्विकनं चिकटवलेली बाई. टक् असा आवाज झाला. मास्तरांचा हात मध्येच हवेत उठला आणि तिथेच राहिला.

"हे बी येते मायासंग," संध्याबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाले बसून राहिली. कंबर आखडली असन तिची." त्यांनी तिला रुमालात गुंडाळलं, फाइलशेजारी पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. "चला. ऑटो येतच असन."

त्या बाहेर फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर एकटे राहिले. बाकावर हिरव्या रंगाचा ठिपका उरला होता, मुगाच्या दाण्याहून लहान. त्यांनी घड्याळ पाहिलं. आठ बेचाळीस. हात सवयीनं टेबलाखाली गेला आणि घंटी दाबली गेली.

स्वयंपाकघरात घंटी वाजली. तिकडे कुणी नव्हतं. ताट पालथं घातलेलं होतं. मास्तरांनी बोट उचललं नाही. घंटी वाजतच राहिली.

मग अंगणातून आवाज आला. लोखंडी फाटकाची कडी, दोनदा.

मास्तरांनी बटण फिरवलं. गाडी सुटली, रिकाम्या बाकासमोरून गेली, बोगद्यात शिरली आणि सव्वा मिनिटात परत येऊन उभी राहिली. त्यांनी पेन उघडलं आणि रजिस्टरात लिहिलं: 'मैनाबाई. अकोल्याकडे. ८.४४.'

ऑटोचा हॉर्न वाजला.

"अहो, निघता का?"

"आलो."

पेन मिटायच्या आधी त्यांनी खालची ओळ घेतली. 'मैनाबाई परत. १८.४०. गाडी वेळेवर.' खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि शाई फिसकटू नये म्हणून ती वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहिले.