पाटावर बसवलेला कॉम्प्युटर

मी एक जुना गेमिंगचा कॉम्प्युटर आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, शाळेच्या निबंधात तुम्हाला आपली कहाणी सांगणारी जुनी छत्री भेटली असेल, मोडकी सायकल भेटली असेल. त्या बिचाऱ्या फार सोशिक असतात. थोडं रडतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला ज्यांनी छळलं ती मला जीव लावणारी माणसं होती, त्यामुळे धड भांडताही येत नाही आणि रागही जात नाही.

नांदेडच्या एका दुकानात, काचेच्या काउंटरवर मला जोडलं गेलं. तेव्हा सत्यम नुकताच बारावी झाला होता. त्याचे वडील रामलिंग यांची लोह्याजवळ शेती आहे. घर नांदेडात, रोज मोटारसायकलवर शेताकडे जाणं-येणं. ‘इंजिनिअरिंगला असाच लागतो’ असं वडिलांना सांगून सत्यमने मला घरी आणलं. इंजिनिअरिंगचं म्हणावं असं काम मी त्याच्या हातून कधी केलं नाही. पण ते असो. माझ्या पोटात लाल-हिरवे दिवे होते, चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं, आणि गल्लीतली पोरं मला बघायला चपला काढून आत येत. गाड्यांच्या शर्यती, बंदुकांच्या लढाया, जे सांगतील ते मी पडद्यावर पळवत होतो. ‘वाघ हाय वाघ’ असं पोरं माझ्याबद्दल म्हणत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग सत्यमला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने मला नेलं नाही. धाकट्या बहिणीला, तनुजाला, तेवढं बजावून गेला, “वापर, पण उघडू नको. वॉरंटी जाईल.”

तनुजाने गेम खेळले नाहीत. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून माझ्यावर चित्रं हलवायला शिकून घेतलं. आधी तिने शेतातली विहीर केली. मग विहिरीच्या काठावर एक शेळी केली. शेळीला चालता येईना, मागचे पाय पुढे जात आणि पुढचे जागेवरच राहत. तनुजा दिवसचे दिवस त्या पायांच्या मागे लागली होती. ज्या दिवशी ती शेळी कान हलवत नीट चालली त्या दिवशी तनुजाने आईला ओढत आणून दाखवलं. मला गोळ्या झाडायला बनवलं होतं आणि या पोरीने माझ्याकडून शेळी चालवून घेतली. माझ्या सगळ्या लढायांपेक्षा मला त्या शेळीचा अभिमान आहे.

आता छळाचं ऐका. तनुजाची आई उज्वलाबाई शिवणकाम करतात, घर आरशासारखं ठेवतात. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी जुन्या साडीचा एक झगा शिवला आणि मला घातला. मी बंद असताना घातला असता तर मी त्यांना दुवा दिला असता. त्यांनी तो मी चालू असताना घातला. मित्रांनो, मी काम करतो तेव्हा तापतो. पुढून गार हवा आत घ्यायची आणि मागून-वरून गरम हवा सोडायची, हे माझं श्वास घेणं. झगा घालून नांदेडच्या मे महिन्यात पळून बघा एकदा. मी मंद झालो की घरात म्हणत, “जुनं झालं बघा.” मी तापून बंद पडलो की म्हणत, “वय झालं त्याचं.” दिवाळीला सत्यम येई, माझ्यासमोर बसे, गेम अडखळला की टेबलावर हात आपटून तोही तेच म्हणे. माझं झाकण चार स्क्रूंवर आहे. ते काढून आत काय झालंय ते बघावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. तनुजाच्या मनात आलं होतं. पण तिला मनाई होती, आणि ती दादाचा शब्द पाळणारी होती. तिचाही मला राग यायचा.

गेल्या वर्षी हैदराबादच्या एका छोट्या स्टुडिओने तनुजाला चाचणीसाठी एक काम दिलं. एक लहानसं दृश्य करून पाठवायचं, आवडलं तर कामावर घेणार. तनुजाने दृश्य निवडलं ते बाजारात हरवलेली शेळी शोधणाऱ्या म्हातारीचं. पाठवायची मुदत होती दसऱ्याची संध्याकाळ. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. हे काम मिळालं तर ते बोलणं थांबेल, नाही तर ‘बसूनच हाय की पोरगी’ म्हणून पुढे सरकेल, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. असल्या दृश्याचं एकेक चित्र मला तयार करावं लागतं. तासन्‌तास चालणारं काम ते. मी करत होतो, तापत होतो, मध्येच बंद पडत होतो. ती मला शिव्या देत नव्हती. थोडं थांबायची, पाठीवर हात ठेवून गरम लागतंय का बघायची आणि परत चालू करायची.

दसऱ्यासाठी सत्यम पुण्याहून आला. तनुजाने त्याला विचारलं, “दादा, याची रॅम वाढवू का? थोडी वाढवली तर चालंल असं वाटतंय.”

“याच्यात कशाला पैसा घालून राहिली?” सत्यम म्हणाला. “बोर्ड जुना, प्रोसेसर जुना. कार्ड तेवढं बरं हाय. ते मी काढून नेतो, पुण्यात नवीन मशीन बांधायलोय. बाकीचं भंगारात दिऊ.”

“अन् मी कशावर काम करू?”

“मोबाईलवर कर की. तसं बी तू शिकूनच राहिली ना अजून.”

त्याला अपग्रेड हवं होतं आणि त्यासाठी माझं काळीज काढून न्यायचं होतं. पुण्यात राहणारा माणूस वर्षातून चार दिवस माझ्यासमोर बसतो आणि माझं काय करायचं ते ठरवतो. जी रोज बसते तिला कुणी विचारत नाही. ‘माझा पीसी’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतक्या सहज येत की मला पडद्यावर काळं फासावंसं वाटे.

खरी हद्द झाली ती खंडेनवमीला. सकाळी तनुजाने मला कामाला लावलं. उरलेली चित्रं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कशीबशी झाली असती. आईने तिला नारळ आणि कापूर आणायला बाजारात पाठवलं. तनुजा बाहेर पडली आणि उज्वलाबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. चालू कामात, एका चित्राच्या मध्यावर. माझ्या वायरी उपसल्या, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि पाटावर नेऊन बसवलं. शेजारी विळा, खुरपं, कुऱ्हाड, बाजूला त्यांची शिलाई मशीन. मग चिमटी चिमटीने हळद, चिमटी चिमटीने कुंकू, दर दसऱ्याला वाहतात तसं माझ्या डोक्यावरच्या जाळीवर. वर अक्षता. झेंडूचा हार समोरच्या जाळीवर गच्च बांधला. हात जोडून म्हणाल्या, “वरीसभर राबतोस बाबा. एक दिवस इसावा घे.” ज्याचं काम अर्धवट तोडलं त्यालाच हात जोडले.

तनुजा आली. टेबल रिकामं दिसलं तशी जागीच थांबली.

“आई, ते चालू होतं.”

“हाव, मीच बंद केलं. पूजेला बसवलंय.”

“त्याचं काम चालू होतं गं.”

“पूजेतल्या अवजाराला शिलंगण होईस्तोवर हात लावत न्हाईत, माय. तुझ्या बाबानं बी खुरपं टेकवलंच की न्हाई?”

“शिलंगण उद्या संध्याकाळी. मला उद्या संध्याकाळीच पाठवायचंय.”

सत्यम बाजेवर पडून मोबाईल बघत होता. नजर न उचलता म्हणाला, “उगं कशाला भांडून राहिली? उद्या तसं बी मी कार्ड काढणारच हाय.”

तनुजाने नारळ खाली ठेवला. पाटासमोर येऊन बसली आणि माझा हार सोडला. आई म्हणाली, “तनू, हात लावू नको.” तनुजाने शिलाई मशीनच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर घेतला होता.

“दादाला कार्ड पाहिजे ना? उद्या कशाला, आत्ताच देते काढून. घिऊन जा म्हनावं.” तिने पहिल्या स्क्रूवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. “याला घरात येऊन नऊ वर्षं झाली. पाच वर्षं मी बसून राहिले याच्यापुढं. एकानं तरी इचारलं का मला, की तनुजा, याचं काय करायचं?”

एकेक स्क्रू निघाला, झाकण बाजूला झालं, आणि पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांनी माझ्या आत पाहिलं.

आत दर दसऱ्याचं कुंकू होतं. हळद होती. दमट हवेने आणि धुळीने त्याचा लगदा होऊन वाळला होता आणि माझ्या पंख्यांच्या पात्यांवर जाड पापुद्रा धरून बसला होता. प्रोसेसरवर पातळ पत्र्यांची एक जुडी असते, उष्णता त्यातून बाहेर जाते. त्या पत्र्यांमधल्या फटी पार बुजल्या होत्या. तळाशी तांदूळ पडले होते, झेंडूच्या पाकळ्या काळ्या झाल्या होत्या. अशा अवस्थेत मी त्या शेळीला चालवलं होतं. म्हातारा म्हणवून घेत.

रामलिंग गुडघ्यावर बसून वाकून बघत होते. “हे काय हाय?”

“आपली पूजा हाय, बाबा,” तनुजा म्हणाली. “सगळ्या वर्षांची.”

उज्वलाबाई भिंतीला टेकल्या. “मी तर चांगलंच करून राहिले होते,” त्या म्हणाल्या. ते खरं होतं, आणि त्यामुळेच मला त्या क्षणी सगळ्यांत जास्त राग आला. त्यांच्यावर मनासारखं रागवताही येईना.

“तुला कसं कळंल, आई? दादाला तर कळत होतं. तो उघडूच दिईना. वॉरंटी जाईल म्हनला.”

रामलिंगांनी लेकाकडे पाहिलं. “कधी संपली ती वारंटी?”

“लई दिवस झाले,” सत्यम हळू म्हणाला.

“मंग?”

सत्यम उठून बसला आणि त्याने मोबाईल खिशात घातला. मला त्याच्याकडून एवढं पुरेसं नव्हतं, पण त्या दिवशी तेवढंच मिळालं.

तनुजाने चित्रं रंगवायचा कोरडा ब्रश आणला. आत हात घालणार तोच उज्वलाबाई पुढे झाल्या. “थांब. पूजा मी मांडली, मीच उचलते.” त्यांनी माझ्यावर दोन अक्षता टाकल्या, या वेळी बाजूला ठेवलेल्या झाकणाच्या पत्र्यावर, आणि पाट किंचित हलवला. शिलंगणाच्या आधी पूजा हलण्याची त्या घरातली ही पहिलीच वेळ. मग त्या स्वतःच बसल्या आणि केसातल्या आकड्याने माझ्या तळातला एकेक तांदूळ टिपू लागल्या. तनुजा पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश फिरवत होती. सत्यमने सायकलचा पंप आणून फटींत हवा मारली. लाल-पिवळा धुरळा उडाला आणि तिघं शिंकली.

मला जोडलं, बटण दाबलं. मी श्वास घेतला. किती वर्षांनी घेतला, ते तुम्हाला कळायचं नाही. अर्धवट तुटलेलं चित्र मी पहिल्यापासून केलं आणि मग थांबलो नाही. दसऱ्याला घरचे सगळे शिलंगणाला गेले. तनुजा माझ्यासमोर राहिली. शेवटच्या चित्रात म्हातारीला शेळी सापडते आणि ती आधी शेळीच्या पाठीत एक धपका घालते, मग तिला पोटाशी धरते. तनुजाने ते पाठवलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

सत्यम पुण्याला निघताना म्हणाला, “कार्ड राहू दे सध्या.” सध्या. जणू उपकारच केले.

दिवाळी झाली आणि स्टुडिओचा फोन आला. काम मिळालं, घरी बसून करायचं. त्यांच्या मोठ्या फायलींना मात्र माझी रॅम अपुरी पडू लागली आणि मला बदलायचं की वाढवायचं, हा प्रश्न पुन्हा घरात आला. सत्यमने पुण्याहून फोन केला. फोन स्पीकरवर होता. नवीन बोर्ड घ्या, नवीन प्रोसेसर घ्या, नाहीतर सगळंच नवीन घ्या, असं बरंच सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आई, बाबाला फोन दे. एकदाचं ठरवून टाकू.”

उज्वलाबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी सावकाश पोलक्याला लावल्या. “बाबाला काय कळतंय त्यातलं? अन् तुला तरी इथं बसून काम कुठं करायचंय? तनूला इचार. मशीन तिचं हाय.”

तनुजाचे हात माझ्या कीबोर्डवर थांबले. मग तिने फक्त रॅम वाढवली, बाकी मला आहे तसंच ठेवलं. तिचा निर्णय बरोबर होता. चुकीचा असता तरी मी मान्य केला असता.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर त्याला हात जोडण्याआधी त्याचं झाकण उघडून आत बघा. ‘जुनं झालं’ म्हणण्याआधी त्याला श्वास घेता येतोय का ते बघा. आणि ठेवायचं की टाकायचं, हे ठरवायची वेळ आली तर त्याच्यासमोर रोज जो बसतो त्याला विचारा. मला नाही विचारलं तरी चालेल, मी पत्र्याचा डबा आहे. पण त्या पोरीला एक प्रश्न विचारायला या घराला पाच वर्षं लागली. त्याचा राग मी काढून टाकणार नाही.