चरग्याची बुट्टी

रेवणप्पांनी बोरी नदीच्या काठचं हे काळं रान खोल मुळांचं कुंदा गवत खणून खणून वहितीखाली आणलं. त्यांच्या पोटी सिद्रामप्पा आले. त्यांनी त्या रानात विहीर खणली. तिला पाणी लागलं नाही, तरी कोडेहळ्ळीत ती सिद्रामप्पांची विहीर म्हणूनच ओळखली गेली, कारण चुकलेली शेळी कुठे पडली आहे हे सांगायला काहीतरी नाव लागतंच. सिद्रामप्पांच्या पोटी चनबसप्पा. त्यांनी शेजारच्या अण्णारावाशी दीड हात बांधासाठी एकवीस वर्षं कज्जा लढवला आणि तो जिंकला, म्हणजे रान दीड हाताने वाढलं आणि चनबसप्पा एकवीस वर्षांनी म्हातारे झाले. आणि चनबसप्पांच्या पोटी शिवानंद, या हकिकतीचा नायक. त्याने कुंदा खणला नाही, विहीर खणली नाही, कज्जाही लढवला नाही. तो सोलापूरला गेला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, आणि वर्षातून एकदा, शीगी पौर्णिमेला, चारचाकीतून बायको-मुलीला घेऊन रानात जेवायला येऊ लागला. तीन पिढ्यांच्या घामाचं असं चीज झालं.

शीगी पौर्णिमा म्हणजे शहरातल्यांची कोजागिरी. शहरात त्या दिवशी माणसं गच्चीवर मसाल्याचं दूध पितात आणि चंद्र दिसला की त्याचा फोटो काढतात. कोडेहळ्ळीत त्या दिवशी रान गरवार असतं. तूर फुलावर आलेली असते, ज्वारी मातीतून नुकती डोकावत असते, आणि अशा दिवसांत लेकीला जसं माहेरचं खाऊ घालायचं, तसं रानाला डोहाळजेवण घालायचं. शिजवलेली ज्वारी, तळून कुस्करलेले पुरणाचे कडबू, भाजी, अंबील असं सगळं एका बुट्टीत, म्हणजे टोपलीत, कालवायचं आणि घरच्या कर्त्या पुरुषाने ते रानाच्या चारी कोपऱ्यांना, मधल्या पाटाला शिंपडत जायचं. याला चरगा म्हणतात. रान जेवल्याखेरीज घरच्याने तोंडात घास घालायचा नाही, एवढाच नियम. तो पाळायला सोपा आहे. माणसं मात्र सोपी नसतात.

चनबसप्पांच्या पत्नी गिरिजाबाई, वय वर्षं त्र्याहत्तर, यांच्या डोक्यावर एका डोहाळजेवणाचं देणं होतं.

ते असं झालं. चनबसप्पा कज्जा जिंकले आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले. लिंगवंतांना सुतक नाही, असं मठाचे स्वामी सांगतात आणि सगळे माना डोलावतात. पण घरातलं माणूस गेलं त्या वर्षी चुलीवर कढई चढवायची नाही, हे स्वामींच्या आधीपासून घरच्या बायका सांगत आल्या आहेत, आणि दोहोंपैकी कोणाचं ऐकायचं हे प्रत्येक पुरुषाला कळतं. कढई नाही म्हणजे चरगा नाही. त्या वर्षी गरवार रान उपाशी राहणार होतं. तेव्हा हरलेला अण्णाराव, ज्याच्याशी एकवीस वर्षं कोर्टाच्या ओसरीवरसुद्धा बोलणं नव्हतं, तो आपली बुट्टी घेऊन बांध ओलांडून आला आणि चनबसप्पांच्या रानाला जेवू घालून गेला. जाताना गड्याजवळ एवढंच म्हणाला, "भांडन मानसाचं. रानाला कशाला उपाशी ठिवायचं?"

यानंतर त्याने बाजारात कुणाला फुशारकी सांगितली असती, चावडीवर एखादा टोमणा मारला असता, तर गिरिजाबाईंनी त्याला क्षमा केली असती. पण तो सव्वीस वर्षं एक अक्षर बोलला नाही. असा माणूस शेजारी असणं याला गिरिजाबाई छळ म्हणत. आणि परतफेड करावी तर त्याची अट मोठी विचित्र होती. भरल्या घराच्या रानाला दुसऱ्याने जेवू घालायचं नसतं. त्या घराची कढई बंद असायला हवी. सव्वीस वर्षांत अण्णारावाच्या घरात कोणी मेलं नाही. गिरिजाबाईंना तो उद्धटपणा वाटे.

यंदा गौरी उठल्या आणि अण्णाराव गेला. त्याच पंधरवड्यात पाऊस असा कोसळला की बोरी रानात शिरली आणि ज्या बांधासाठी दोन घरं भांडली तो बांध एका रात्रीत, हद्दीच्या दगडासकट, वाहून गेला. कोर्टाला एकवीस वर्षं लागली ते काम पावसाने कोणाचीही साक्ष न घेता उरकलं.

शीगीच्या दिवशी गिरिजाबाई पहाटे उठून कडबू करून, ज्वारी शिजवून, बुट्टी सारवून बसल्या होत्या. शिवानंद उगवतीला येणार होता. दहा वाजता गाडी दारात आली.

"उगवतीला म्हनलं हुतं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"पोरीचं आवरायला येळ लागला, अव्वा."

"पोरीचं का तुजं? केसाला लावल्यालं काळं कानावर वघळलंय, बग."

शिवानंदाने कान पुसला. त्याची बायको महेश्वरी गाडीतून एक डबा काढत होती. "आत्या, ह्ये वायलं ठिवा बरं का," ती सासूला म्हणाली. "पनीर हाय. शिवलीला कडबू खात न्हाय."

"ऱ्हाऊ दे गाडीतच. रानाला पनीरचे डोहाळे लागल्याचं मी तरी आइकलं न्हाई."

नात शिवलीला, वय सतरा, मोबाइल उभा धरून बुट्टीचं चित्रण करत होती. तिने आजीला जरा हसायला सांगितलं. आजीने तिच्याकडे असं पाहिलं की चित्रण आपोआप थांबलं.

"आता कान दिऊन आइक," गिरिजाबाईंनी लेकाला समोर बसवलं. "ही बुट्टी. अर्दी आपल्या रानाला, चारी कोपरं. ऱ्हाईल्याली अर्दी झाकून ठिवायची. मी अन्नारावाच्या अंबुबाईला बोलवून आनती. मंग ती अर्दी त्यांच्या रानाला, त्यांच्या म्होरं."

"अंबुबाईच्या? अव्वा, अप्पांनी एकवीस वर्सं—"

"तुज्या अप्पाचं मला सांगू नगंस. त्येंच्या मागं त्येंच्या रानाला कुनी घास घातला, इसरलास व्हय?"

"न्हाय. पर अर्दीच का मंग?" शिवानंदाने विचारलं. सुपरवायझर माणूस, मोजमापाचं त्याच्या लगेच ध्यानात येतं.

"अन्नारावानं बी अर्दीच टाकली आसंल. आपलं रान उपाशी ठिऊन कोन दुसऱ्याला घालतंय? जा आता. ऊन चढलं."

सगळी शिदोरी गाडीत घालून गाडी निघून गेली आणि गिरिजाबाई अंबुबाईच्या घराकडे वळल्या.

अंबुबाई, अण्णारावाची बायको, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं, पुढे टरफलांचा ढीग. तिने मान वर केली.

"कोन, गिरजाक्का? आज वाट चुकला जनू."

"वाट चुकायला मी काय तुमची म्हस हाय, आमच्या कडब्यात शिरायला?"

"म्हस मरून चार वर्सं झाली. आता तिला तरी सोडा की." अंबुबाईने पोतं पसरलं. "बसा."

"बसाय न्हाई आली. यंदा तुमच्या चुलीवर कढई न्हाई."

"न्हाई. पोरगं हैद्राबादला. त्येला सुट्टी न्हाई. म्हनलं, ऱ्हाऊ दे. धनी गेला तर धन्याचं रान यक साल उपाशी ऱ्हाईल. मी बी कुटं गोड खाती हाय."

"ऱ्हानार न्हाई उपाशी. आमची बुट्टी येनार हाय."

अंबुबाईच्या हातातली शेंग फुटायची राहिली. "तुमाला कुनी सांगिटलं?"

"सांगाय कशाला पायजे? सव्वीस वर्सं डोक्यावर घिऊन फिरती हाय."

"आमी कवा मागिटलं न्हाई."

"त्येच म्हनती की. मागिटलं आसतं तर कवाच तोंडावर फेकून मोकळी झाली आसती."

अंबुबाई उठली, टरफलं सुपात भरली, पायात चपला सरकवल्या. दोघी रानाच्या वाटेला लागल्या. चिखल वाळून भेगाळलेला होता. पुराने वाहून आलेला पाचोळा बाभळींच्या कमरेला अडकून लोंबत होता. गिरिजाबाई पुढे चालत होत्या, कारण मागे चालणं त्यांना जमत नसे.

रान जवळ आलं तशी हाळी ऐकू आली. "हुल्लुल्लिगो, हुल्लुल्लिगो." या हाळीचा अर्थ गावात कोणाला माहीत नाही आणि विचारण्याची कोणाची छाती नाही, ती घालायची असते. आवाज थेट चनबसप्पांचा होता. गिरिजाबाईंचं मन भरून आलं. पोरगं शहरात गेलं तरी गळा बापाचा राहिला, असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी तो गळा कुठून येत आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं.

आवाज चिंचेपलीकडून येत होता. चिंच अण्णारावाची.

शिवानंद अण्णारावाच्या तुरीतून बाहेर आला, पँटला पिवळी फुलं चिकटलेली, घामाने शर्ट ओला, हातात रिकामी बुट्टी. मागे शिवलीला मोबाइल धरून. चिंचेखाली महेश्वरी सतरंजी अंथरून शिदोरीचे डबे मांडत होती.

"झालं, अव्वा," शिवानंद धापा टाकत म्हणाला. "चारी कोपरं झाली. पर अर्दी पुरना. अख्खी लागली."

"अख्खी."

"व्हय. रान लई मोठं हाय की. मागच्या सालापरीस मोठंच वाटलं मला."

मोठं होतंच. चनबसप्पांचं रान सात एकर, अण्णारावाचं अकरा.

"शिवा," गिरिजाबाई सावकाश म्हणाल्या, "ह्ये रान कुनाचं?"

"कुनाचं म्हंजी? आपलं." त्याने मोबाइल पुढे केला. "ह्ये बग की. 'आपलं शेत.' लोकेशन हितंच दावतंय. तीन वर्सांमागं पिकाची नोंद लावली तवा मीच हितं हुबा ऱ्हाऊन टाकलंय."

"हितं, म्हंजी चिंचंखाली."

"ऊन लई हुतं गं. आपल्या रानात सावली कुटं हाय?"

म्हणजे सावली शेजाऱ्याची आणि नोंद आपली. बांध होता तोवर तो मोबाइलला आवरत होता. बांध गेला आणि मोबाइल एकटाच मालक उरला. रेवणप्पांच्या पणतवाला आपलं रान शेजाऱ्याच्या रानातून ओळखता आलं नाही, आणि हे ज्या बाईपुढे झालं ती अंबुबाई होती.

अंबुबाईने पदर तोंडाला लावला होता. ती हसते आहे की रडते आहे, हे गिरिजाबाईंनी पाहायचं टाळलं, कारण दोहोंनाही काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

"हासा की," त्या दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "गावात बी सांगा."

"हासत न्हाई, गिरजाक्का." अंबुबाईने पदर खाली केला. "त्या सालचं याद आलं. ह्येंनी बी अख्खीच टाकलीवती."

"काय अख्खी?"

"बुट्टी. आमच्या घरी बी यकच बुट्टी हुती की. तुमच्या रानाला आदी गेले ते सगळी टाकूनच आले. मी म्हनलं, आवो, आपल्या रानाला? तर म्हनले, त्या घरी मानूस न्हाई, आपल्या घरी हाय. मंग आमची शिदोरी हुती न्हवं, भाकरी, कडबू, भाजी, समदी कालवून आमच्या रानाला टाकली. लेकरू लई रडलं. सांच्याला घरी जाऊन जुंधळ्याच्या कन्या शिजवल्या."

सव्वीस वर्षं गिरिजाबाई अर्ध्या बुट्टीचं ओझं वाहत होत्या आणि ते त्यांना जड वाटत होतं. आज पहाटे ज्वारी शिजवताना त्यांनी हातानेच बुट्टीच्या मध्यावर रेघ मारली होती. ती रेघ कोणी पाहिली नव्हती, हेच त्यातल्या त्यात बरं.

त्या चिंचेखाली गेल्या. "महेश्वरी, डबं उचल."

"का, आत्या?"

"आपलं रान उपाशी हाय. समदं बुट्टीत घाल. भाकरी, कडबू, वांगं, दही-भात, समदं."

"समदं? आत्या, सकाळपास्नं कुनी च्याबिगर काय घेतलं न्हाई."

"रानानं तर च्या बी न्हाई घेतला."

"आजी, मग आपण काय खायचं?" शिवलीलाने विचारलं.

"पनीर हाय की तुमचं. गरवारनीला बादतंय, न्हाईतर त्ये बी घातलं आसतं."

महेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आईकडे पाहिलं आणि कडबूंचा डबा स्वतः बुट्टीत उपडा केला. वीस कडबू, साजूक तुपात माखलेले. तो वास नाकात जात असताना त्याने डब्याचा तळही बोटाने पुसून बुट्टीत टाकला. सुपरवायझर असला तरी लेक होता.

"पर अव्वा," बुट्टी डोक्यावर घेत त्याने खालच्या आवाजात विचारलं, "आपली हद्द कुटनं?"

गिरिजाबाई तोंड उघडणार तोच अंबुबाई पुढे झाली. "या माज्या मागं. विहिरीपास्नं वड्यापातूर दोर धरल्यागत सरळ जायाचं."

ती चालू लागली. गिरिजाबाई तिच्या मागे निघाल्या. कोणाच्याही मागे न चालणाऱ्या गिरिजाबाई आज मागे चालल्या, त्याला कारण होतं. त्यांची नजर अंबुबाईच्या टाचांवर होती. आता ही बया एक वीतभर जरी आमच्या बाजूला सरकली, तर बांध नसला म्हणून काय झालं, चनबसप्पांची बायको अजून आहे. विहिरीपासून ओढ्यापर्यंत त्या तशाच टपून चालल्या. अंबुबाई सरळ चालली. ओढ्याशी पोचल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "तुमचं दीड हात तुमच्याकडं सोडून आली बगा. कोर्टानं दिल्यालं हाय त्ये."

भांडण करायला हाती काहीच उरलं नाही, याचा गिरिजाबाईंना फार त्रास झाला.

शिवानंद भर दुपारच्या उन्हात सात एकर फिरला. शिवलीलानेही नंतर मोबाइल खिशात ठेवला आणि बापाच्या हातातली बुट्टी एका बाजूने धरली, कारण त्याचा गळा बसला होता आणि हाळी आता तिलाच घालावी लागत होती. तिची हाळी बारीक निघाली, पण निघाली. महेश्वरी चिंचेखाली बसून बंद डब्याकडे बघत होती. तो तिने अजून उघडला नव्हता.

दोघी म्हाताऱ्या ओढ्याच्या कडेला उभ्या होत्या. गिरिजाबाई म्हणाल्या, "पोरानं चुकून टाकलंय त्ये. मुद्दाम न्हवं. मी अर्दीच सांगिटलीवती."

हे सांगायची त्यांना काहीच गरज नव्हती. पण देणं देताना खोटं माप चालत नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं होतं.

"मला ठावं हाय," अंबुबाई म्हणाली. "तुमाला मी आज वळखती व्हय? पर रान काय इचारतंय, चुकून का मुद्दाम? त्येचं पोट भरलं."

"तुमच्या लेकरागत आमची बी उपाशी हायती आज."

"हायती की."

"मंग तोंडानं म्हना. मला आइकाय पायजे."

अंबुबाईने आपल्या तुरीकडे पाहिलं, मग गिरिजाबाईंकडे.

"फिटलं, गिरजाक्का. अख्खं फिटलं."